यादीतलं शेवटचं नाव

आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या फोनवर निरोप आला, फक्त शेवटच्या खोलीत आला नाही.

निरोप बिल्डरच्या ऑफिसचा होता. चाळ पाडून नवीन इमारत व्हायची आहे, तिच्यात ज्यांना खोली मिळायची त्यांनी अमुक दिवशी, अमुक वेळेला मूळ कागद घेऊन तपासणीला यावं, असं त्यात लिहिलं होतं. चाळ पडणार, चाळ पडणार हे ऐकता ऐकता माझे केस पिकले. तेव्हा मी काही उड्या मारल्या नाहीत. पण या खेपेला खोलीचा नंबर, नाव, दिवस, वेळ सगळं बरोबर आलं होतं. लोक बिस्कुटाच्या डब्यातून, गादीखालून कागद काढून पुसायला लागले.

शेवटच्या खोलीत काकी राहते. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण सगळी चाळ तिला काकी म्हणते म्हणून मीही म्हणते. तिला मूलबाळ नाही. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्याकडे बटणांचा फोन आहे. सगळ्यांचे निरोप आले त्या दिवशी ती गॅलरीत तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "तुझा आला काय गो?"

"नाय. येतलो."

दुसऱ्या दिवशीही नाही आला. मी म्हटलं, "येईल. एकेक करून जात असतील." हे मी का म्हटलं तेही सांगते. बिल्डरने निरोप पाठवायचं काम ज्या कंपनीला दिलं होतं, त्याच कंपनीत माझी नात नोकरीला आहे. निरोप पाठवणारा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. मजल्यावर मी तसं चारचौघींत सांगितलंही होतं. तेव्हा काकीला 'थांब, येईल' असं सांगणारी मीच होते. ती थांबली.

कोणी म्हणेल, निरोप नाही आला तर उठून जायचं होतं ऑफिसात. शिकलेली माणसं जातात. आमच्याकडे बोलावल्याशिवाय जात नाहीत. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, गिरणीच्या गेटावर, कुठेही न बोलावता आत गेलं की हाकलतात. आणि एकदा हाकललं की तोंड लक्षात राहतं, मग पुढच्या वेळी बोलावलेलं असलं तरी आधी खेकसतात. म्हणून बसून राहायचं. नाव पुकारलं की उठायचं. काकीने आणि मी लालबागला मसाल्याच्या दुकानात बावीस वर्षं काम केलं. तिथेही गिऱ्हाइकं अशीच बसायची. मिरच्यांची पिशवी मांडीवर घेऊन, नंबर पुकारेपर्यंत. मधेच उठून आलेल्या बाईला आम्ही स्वतः ओरडायचो. तर काकी बसून राहिली यात तिचा मूर्खपणा नव्हता. तिला तसंच माहीत होतं, आणि मलाही तसंच.

तपासणीचे चार दिवस होते, ते झाले. मग जिन्याखाली कागद लागला. चौसष्ट खोल्या. त्रेसष्टांपुढे 'हजर'. शेवटच्या ओळीत काकीचं नाव आणि पुढे 'गैरहजर'. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की गैरहजर भाडेकरूंनी पंधरा दिवसांत कारण पुराव्यासह लेखी द्यावं, नाही तर खोली बंद समजून नाव यादीतून काढलं जाईल.

मी चौथीपर्यंत शिकले, पण एवढं वाचता येतं. मी ते काकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. मग तिने पदर खोचला आणि तशीच चपला घालून खाली गेली. बिल्डरचं ऑफिस परळला, पूर्वी गिरणी होती त्या जागेत, पत्र्याच्या केबिनीत आहे. ती चालत गेली आणि दोन तासांनी चालत परत आली.

तिथे काय झालं ते तिने मला गॅलरीत उभ्या उभ्या सांगितलं. कारकून म्हणाला, मेसेज सगळ्यांना गेलाय, कॉम्प्युटरवर 'पूर्ण' असं आलंय. ही म्हणाली, मला नाही आला. तो म्हणाला, "आजी, तुमचा फोन बंद असेल."

"फोन बंद असता तर सकाळपासून ते लोनवाले मला कशाला पिडतात? त्यांना लागतो, तुम्हालाच लागत नाय?"

तो म्हणाला, मेसेज आला नाही याचा पुरावा आणा, मग बघू.

जी गोष्ट आलीच नाही तिचा पुरावा कुठून आणायचा? काकीने त्याला तेच विचारलं. तो दुसऱ्या माणसाशी बोलायला लागला.

एवढं सांगून ती आमच्या दारात आली. नात घरातच होती. तिचे आईवडील डोंबिवलीला राहतात, तिचं ऑफिस इथून जवळ म्हणून ती माझ्याकडे असते. आठवड्यातले दोन दिवस ती घरून काम करते. पोटमाळ्याखाली एक घडीचं टेबल आहे, त्यावर लॅपटॉप आणि कानाला हेडफोन. काकीने हात लांब करून तिचा हेडफोनच खाली ओढला आणि मला म्हणाली, "काय गो, तुझ्या नातीन माझो निरोप खाल्लो काय?"

नात हसली. तिला वाटलं चेष्टा आहे. "काकी, असं होत नाही. यादीतल्या प्रत्येकाला जातो."

"प्रत्येकाक गेलो, मगे माका कित्याक नाय? मी प्रत्येकात नाय?"

नातीचं हसू गेलं. ती म्हणाली, "थांबा, बघते." काकी उंबऱ्यावर बसली. मी चहा ठेवला, कारण दुसरं काय करायचं ते कळेना.

पहिला अर्धा तास नात नुसती बघत होती. तिच्याकडे किती निरोप गेले याची नोंद होती. तिने मोजली. त्रेसष्ट. यादीत चौसष्ट नावं. "एक कमी आहे," ती म्हणाली, पण आमच्याशी नाही, स्वतःशीच. पुढे म्हणाली, "आणि एररही नाही. पूर्ण म्हणतोय."

तिचं काम काय ते तिने मला आधी तीनदा सांगितलं असेल, आणि तिन्ही वेळा मी मान हलवून सोडून दिलं होतं. त्या दिवशी मात्र मी नीट ऐकलं. काकी उंबऱ्यावर होती, आणि तिला थांब म्हणून मीच सांगितलं होतं.

मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. कंपनीचा एक कॉम्प्युटर कुठेतरी लांब असतो. त्याच्यासमोर कोणी बसत नाही. त्याला सर्व्हर म्हणतात. बिल्डरच्या ऑफिसातून एकेका चाळीची यादी त्याच्याकडे जाते. काही याद्या फार मोठ्या असतात, म्हणून यादी एकदम घ्यायची नाही, नळाच्या पाण्यासारखी वाहती घ्यायची असा प्रोग्राम लिहिलेला असतो. यादी तुकड्यातुकड्याने येते. तुकडा आला की सर्व्हरला एक हाक येते. यादी संपली की दुसरी हाक. मधेच काही बिघडलं तर तिसरी. नात त्यांना इव्हेंट म्हणते. कुठली हाक आली की काय करायचं, ते तिने आधीच लिहून ठेवायचं असतं. बिघडल्याच्या हाकेला काहीच लिहिलं नसेल तर सर्व्हर सरळ आडवा होतो, म्हणून ती हाक कोणी विसरत नाही. संपल्याच्या हाकेचं तसं नाही. तिथे थोडं लिहिलं काय, कमी लिहिलं काय, ती मुकाट येते आणि जाते.

"आणि तुकडा कुठे तुटेल ते आपल्या हातात नसतं," नात म्हणाली. "अर्धं नाव या तुकड्यात, अर्धं पुढच्यात, असंही होतं."

"मग अर्ध्या नावाला निरोप पाठवता?" मी विचारलं.

"नाही आजी. एक नाव म्हणजे एक ओळ. ओळ संपली की एंटर मारलेला असतो. तो दिसला तरच ओळ पूर्ण समजायची. नाही दिसला तर ते अर्धवट बाजूला धरून ठेवायचं आणि पुढचा तुकडा आला की त्याला जोडायचं."

हे मला समजलं. दुकानात काकी यंत्रात मिरच्या ओतायची आणि मी चाळायची. चाळणीवर राहिलेली भरड टाकायची नसते, ती पुढच्या घाण्यात जाते. मी तसं म्हटलंही. नातीने "हो, हो" केलं, पण तिचं लक्ष नव्हतं. ती यादी उघडून अगदी खाली गेली होती. शेवटच्या ओळीवर, काकीच्या नावावर. तिथे ती बाण पुढे सरकवत होती आणि तो सरकत नव्हता.

"सगळ्या ओळींनंतर एंटर आहे," ती म्हणाली. "या ओळीनंतर नाही."

का नाही, ते मला आणि काकीला लगेच कळलं, कारण ती ओळ लिहिली तेव्हा आम्ही दोघी तिथे उभ्या होतो. काकीची खोली नवऱ्याच्या नावावर होती. तो गेल्यावर तिने बरीच वर्षं नाव बदललं नाही. आमच्याकडे बायका बदलत नाहीत. भाडेपावतीवर त्याचं नाव असलं की अजून घरात कोणी आहे असं बाहेरच्यांना वाटतं, हे एक कारण. खेटे घालायचा कंटाळा हे दुसरं. बिल्डर आला तेव्हा धावपळ करून तिने नाव लावून घेतलं. तोवर त्रेसष्ट नावांची यादी तयार झाली होती. कारकुनाने आमच्यासमोर शेवटी तिचं नाव हाताने टाइप केलं, "झालं, जा," म्हणाला आणि उठला. एंटर मारायचा राहिला. त्याला तरी काय माहीत, की त्या एका बटणावर कोणाचं काही अडलंय.

नात मग हळू आवाजात बोलली. मला राग आला की मी मोठ्याने बोलते, ती हळू बोलते. "काकींची ओळ आली. तिच्यामागे एंटर नाही, म्हणून प्रोग्रामने ती अर्धवट समजून बाजूला ठेवली. पुढच्या तुकड्याची वाट बघितली. पुढचा तुकडा नव्हताच. संपल्याची हाक आली. त्या हाकेला मी एवढंच लिहिलं होतं, की 'पूर्ण' अशी नोंद करा. हातात काय उरलंय ते बघा, असं लिहिलंच नाही."

काकी उंबऱ्यावरून म्हणाली, "म्हणजे माझा नाव तेच्या हातातच रवला?"

"हो."

"आणि झाला म्हणून सांगितल्यान?"

"हो, काकी."

"चूक त्या कारकुनाची ना?" मी विचारलं. खरं सांगायचं तर मला ती त्याची असलेली हवी होती.

"नाही. शेवटी एंटर असलाच पाहिजे असा काही नियम नाही. संपल्यावर हात बघायचं काम माझं होतं."

काकीने चहा घेतला नाही. उठली आणि आपल्या खोलीत गेली. शिव्या देईल असं वाटलं होतं. नाही दिल्या.

नातीने साहेबांना फोन लावला. तिचे साहेब तिच्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठे असतील. ती स्पीकरवर बोलत नव्हती, पण आमची खोली दहा बाय बाराची, त्यात काही लपत नाही. साहेबांचं म्हणणं असं पडलं, की प्रोग्राम दुरुस्त कर, आजच्या आज कर, आणि बिल्डरला काही कळवू नकोस. ज्यांना निरोप गेले नाहीत ते आपणहून तक्रार करतील, तेव्हा बघता येईल. लेखी तर काहीच द्यायचं नाही. आणि पुढच्या महिन्यात तू कायम व्हायचीस, हे लक्षात ठेव.

फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, "काय करू?"

तेव्हा मी जे बोलले ते लपवत नाही. मी म्हणाले, "गप्प बस." तिला ही नोकरी लागायला दीड वर्ष गेलं होतं. मुलाखती देऊन देऊन पोरगी सुकली होती. काकी माझी मैत्रीण, पण नात ती नात. मी म्हणाले, काकीसाठी आपण दुसरं काहीतरी करू, नगरसेवकाकडे जाऊ, कोणाला तरी भेटू. कोणाला आणि काय सांगून, ते मलाही माहीत नव्हतं.

तिने लॅपटॉप पुढे ओढला. प्रोग्राम दुरुस्त करायला बसली. दुरुस्ती चार-पाच ओळींची होती. संपल्याची हाक आली की हातात उरलेलं बघायचं, उरलं असेल तर तेही वाचायचं. शिवाय किती ओळी आल्या आणि किती निरोप गेले ते ताडून बघायचं, जुळल्याशिवाय 'पूर्ण' म्हणायचं नाही. एवढंच. वीस मिनिटांत झालं. इतक्या लहान गोष्टीचं माणसाच्या डोक्यावरच्या छपराशी नातं असावं, याचा मला वैतागच आला.

मग ती बाकीच्या चाळींच्या याद्या काढून बसली. दुपारी जेवायला उठली नाही. चारच्या सुमारास म्हणाली, "आजी, आणखी तीन आहेत."

"कसले तीन?"

"अशीच शेवटची नावं. वेगवेगळ्या चाळींत. बाकीच्या याद्या ठीक आहेत, पण या तीन चाळींत मागाहून हाताने नाव घातलंय. तिन्ही बायकांची. दोघींपुढे 'वारस पत्नी' लिहिलंय, एकीपुढे 'वारस सून'."

मी म्हटलं, "मागाहून घातलेलं नाव बाईचंच असतं. त्यात शोध काय लावलास?"

"मी शोध नाही लावला. मी त्यांना गाळलं."

माझी खोलीही अशीच मागाहून माझ्या नावावर झाली. काकीच्या आधी पाच महिने मी अर्ज दिला, एवढाच फरक. मी शेवटची असते तर जिन्याखालच्या कागदावर माझ्यापुढे 'गैरहजर' असतं, आणि मी नातीला गप्प बस म्हणाले नसते, हे मला स्वच्छ दिसलं. यात काही मोठेपणा नाही. दिसलं, एवढंच. मी म्हणाले, "काय लिहायचं ते लिही. पण माझ्याने साहेबांशी बोलणं व्हायचं नाही."

"तुला कोण बोलायला सांगतंय?"

तिने पत्र लिहिलं. साहेबांना आणि बिल्डरच्या ऑफिसला, दोघांना एकाच वेळी पाठवलं. चार नावं, चार खोल्या, निरोप गेला नाही, कारण अमुक, चूक आमची. 'आमची' असं कंपनीच्या वतीने लिहावं की 'माझी' लिहावं यावर ती बराच वेळ अडली. शेवटी तिने पत्रात 'आमची' लिहिलं आणि खाली सही करताना 'हा भाग मी लिहिला होता' असं एक वाक्य घातलं. झेरॉक्सच्या दुकानातून त्याच्या दोन प्रती काढल्या. मी काकीच्या दारावर गेले आणि म्हटलं, "उद्या अकराला निघायचं. कागद काढून ठेव."

"कोणी बोलावल्यान?"

"कोणी नाही. आपणच जायचं."

"मी परत नाय जाणार."

"आली नाहीस तर मी तुला ओढत नेईन. जिन्यावरून पडलीस तर पड."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी तयार होऊन उभी होती.

ऑफिसात कारकुनाने आम्हाला ओळखलं आणि तोंड वाकडं केलं. नात म्हणाली, मोठ्या साहेबांना भेटायचंय. तो म्हणाला, वेळ घेतली आहे का? नात म्हणाली, नाही. मला वाटलं, आता हाकलतात. पण तिच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, त्यामुळे आम्हाला बसायला सांगितलं. दोन तास बसलो. केबिनीत पंखा होता, पण तो कारकुनाच्या बाजूला. नात फोन बघत होती. तिच्या साहेबांचे तीन फोन येऊन गेले, तिने उचलले नाहीत.

मोठे साहेब पन्नाशीचे होते. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग नातीला विचारलं, "म्हणजे कॉम्प्युटरची चूक झाली."

"नाही सर. माझी."

"अहो, म्हणजे टेक्निकल."

"टेक्निकलच. पण लिहिलं मी होतं."

त्यांना ते आवडलं नाही असं मला वाटलं. कॉम्प्युटरची चूक असती तर त्यांना बरं पडलं असतं. कॉम्प्युटरला कोणी नोटीस देत नाही. ते काकीकडे वळले. "आजी, तुम्ही घरीच राहता ना? खोली बंद नसते ना?"

काकी तोवर गप्प होती. आता बोलली. "साहेब, एक्कावन्न वर्षं त्या खोलीत आहे. बंद करून जायला मला दुसरी जागा कुठे आहे? तुमचा माणूस येऊ दे, कधीपण येऊ दे. मी तिथेच असते. तिथेच असते म्हणून तर तुमच्या निरोपाची वाट बघत बसले."

"बरं, बरं."

"बरं नाय. लिहून द्या."

मी तिचा हात दाबला. तिने माझा झटकला.

त्यांनी पत्रावर शेरा मारला. चार जणींची पुरवणी यादी करा, नवीन तारीख द्या. शिक्का मारून एक प्रत काकीच्या हातात दिली. काकीने ती उलटी-सुलटी करून बघितली आणि मला म्हणाली, "काय लिवलाहा?" मी वाचलं. पुरवणी म्हणजे काय, ते तिने विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांच्या मागून लावलेली.

"म्हणजे परत शेवटाकच घातल्यानी मेल्यांनी!"

बाहेर आल्यावर नात हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मला भररस्त्यात रडलेलं चालत नाही. मी तिला रुमाल दिला आणि पुढे चालायला लागले.

कंपनीने तिला काढलं नाही. कायमही केलं नाही. आणखी तीन महिने तात्पुरतीच ठेवली आणि साहेब तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. वर तिने बिल्डरला परस्पर पत्र पाठवलं म्हणून कंपनीत एक नवीन नियम निघाला, की बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी साहेबांना दाखवायचं. प्रोग्राममध्ये केलेली दुरुस्ती मात्र ठेवली. तिचं कोणी नाव काढलं नाही. दुरुस्तीचं कोण नाव काढतो?

पुरवणीचा निरोप बारा दिवसांनी आला. पंधरातले दोन उरले होते. काकीचा फोन वाजला तेव्हा ती नळावर होती. मीच तिच्या खोलीत जाऊन वाचला. नाव बरोबर, खोलीचा नंबर बरोबर, दिवस बरोबर. मी नळावर जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "बादली भरू दे."

तपासणीला आम्ही तिघी गेलो. बाकीच्या तीन चाळींतल्या बायकाही आल्या होत्या. कोणी कोणाशी फार बोललं नाही. एकीचा मुलगा बरोबर होता, तोच सगळीकडे बोलत होता. कागद तपासले, अंगठे घेतले, फोटो काढले. काकीच्या पावतीवर 'पात्र' असं छापून आलं. मजला कुठला मिळेल ते ठरलेलं नाही. बाकीच्यांची मजल्यांची सोडत मधल्या दिवसांत होऊन गेली, तिच्यातून उरेल तो. आधीची त्रेसष्ट माणसं आपले मजले घेऊन बसली आहेत, तेव्हा काकीला एक तर अगदी वरचा नाही तर जिन्याजवळचा मिळणार.

परत येताना ती नातीला म्हणाली, "तुझी नोकरी पक्की झाली नाय म्हणतात."

"नाही झाली. तीन महिने वाढवले."

"माझ्यामुळे?"

"नाही, काकी. माझ्यामुळे."

"हां," काकी म्हणाली. "ता बरा."

एवढंच त्या दोघींत बोलणं झालं. माफ केलं वगैरे काही नाही. नंतर महिनाभर काकी आमच्याकडे चहाला आली नाही. मीही बोलवायला गेले नाही. मी तिला थांब म्हटलं होतं, याबद्दल तिने मला एका शब्दाने विचारलं नाही, आणि मीही आपणहून काही बोलले नाही. या वयात कोणाची समजूत काढायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

चाळ अजून उभी आहे. नवीन इमारत किती वर्षांत होईल ते कोणी लेखी दिलेलं नाही. पावती काकीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे. तिची झेरॉक्स माझ्याकडे आहे आणि आणखी एक नातीकडे. काकीला ते माहीत आहे. मागच्या आठवड्यात ती दारात येऊन म्हणाली, "तुझ्याकडची तपासून बघ, शाई उडाली नाय ना." मी काढून बघितली. नव्हती उडाली. तसं सांगितलं, तर ती आत येऊन बसली.